हुशार मुले, हातांचे शिक्षण आणि तोट्याची तरतूद

आपल्या देशातील शिक्षणविषयक शासकीय धोरणांचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. सरकारने हुशार मुलांचा विचार केला नाही असे म्हणता येत नाही आणि हातांनी काम करून शिकण्याचा विचार केला नाही असेही म्हणता येत नाही. दोन्ही विषयांवर आयोग नेमले गेले, अहवाल आले, योजना आखल्या गेल्या आणि पैसाही खर्च झाला. मात्र या दोन विषयांच्या फायली कायम वेगवेगळ्या टेबलांवर राहिल्या. हुशार मुलगा म्हणजे परीक्षेत पुढे असणारा, म्हणून त्याला शिष्यवृत्ती. आणि हातकाम म्हणजे परीक्षेत मागे पडणाऱ्याची सोय, म्हणून त्याला व्यवसाय-शिक्षण, अशी विभागणी आपल्या प्रशासनाच्या मनात इतकी पक्की बसली की, ती कोणी केली हे शोधू गेल्यास एकही नाव सापडत नाही.

उद्योजक घडतो तो या दोहोंच्या संगमावर. त्याला बुद्धी लागते आणि हातही लागतात. आज 'उद्योजकता' हा शब्द प्रत्येक सरकारी भाषणात असतो, यास्तव हा संगम शालेय वयात घडवण्याचे कोणकोणते प्रयत्न आपल्याकडे झाले आणि ते कुठे अडले, हे एकदा क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल.

त्यासाठी प्रथम एक मोजपट्टी ठरवू या. उद्योग करणे म्हणजे नेमके काय? कोणाची तरी गरज ओळखणे, साधने व भांडवल जमवणे, वस्तू किंवा सेवा तयार करणे, ती अनोळखी माणसाला विकणे, आणि नफा-तोट्याचा हिशेब मांडून पुन्हा प्रयत्न करणे. या पाच पायऱ्या आहेत. आतापर्यंतची प्रत्येक योजना यांपैकी कितव्या पायरीपर्यंत पोचली, एवढेच आपण पाहायचे आहे.

सुरुवात वर्ध्यापासून करावी लागेल. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. प्रांतांमध्ये नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती आणि त्यांच्यापुढे प्रश्न होता की, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी पैसा कुठून आणायचा. गांधीजींचे उत्तर सर्वांना माहीत आहे : शिक्षण हस्तव्यवसायाच्या माध्यमातून द्यावे आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचा अहवाल आला आणि १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ही कल्पना स्वीकारली.

या योजनेवर तेव्हाच आक्षेप आले. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या मुद्द्यालाच विरोध केला. मुलांनी तयार केलेला माल बाजारात आला तर तो गावातील कारागिरांच्या पोटावर येईल, ही शंका रास्त होती. गांधीजींनी यावर मार्ग सांगितला होता तो असा की, शाळांमध्ये तयार होणारा माल राज्याने विकत घ्यावा. शिक्षणाचे तत्त्वज्ञान म्हणून बुनियादी शिक्षणाची योग्यता मोठी आहे. परंतु वरच्या मोजपट्टीवर ठेवून पाहिल्यास एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. माल राज्यच विकत घेणार म्हटल्यावर गिऱ्हाईक नाहीसे होते. मुलगा सूत कातायला शिकतो, कापड विणायला शिकतो, वस्तुमात्रात ज्ञान पाहायला शिकतो. पण 'हे कापड कोणाला हवे आहे?' हा प्रश्न त्याच्यासमोर येत नाही. पाच पायऱ्यांपैकी मधली एकच पायरी, म्हणजे वस्तू तयार करण्याची, येथे पक्की बांधली गेली.

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणासाठी १९५२ मध्ये डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९५३ च्या त्याच्या अहवालाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रविद्या, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट एकाच शाळेत असावेत आणि मुलाने आपल्या कलानुसार निवड करावी, अशी ती रचना होती. कल्पना उदार होती. एकाच छताखाली सुतारशाळाही आहे आणि प्रयोगशाळाही आहे, तेव्हा दोन्हीकडची मुले एकमेकांना भेटतील, अशी तिच्यात आशा होती. या शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून पुढे १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढण्यात आली. त्यांना जोडलेल्या प्रात्यक्षिक शाळांच्या नावात 'बहुउद्देशीय' हा शब्द दीर्घकाळ टिकला. या शहरांत राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींची मुले तेथे शिकलीही असतील.

पण घडले काय? चांगले गुण मिळवणारा मुलगा विज्ञानाच्या वर्गाकडे गेला, कारण अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांची दारे तिथून उघडत होती. लेथ यंत्र शाळेत आले, पण वर्गातील पहिल्या दहा मुलांपैकी कोणी त्याच्याकडे वळले नाही. यात मुलांचा किंवा पालकांचा दोष नाही. ज्या दरवाजाच्या पलीकडे रस्ता आहे, त्याच दरवाजातून माणूस जातो.

आता दुसरी फाईल पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, १९६३ मध्ये दिल्लीपुरती विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू केली. त्या वर्षी केवळ १० शिष्यवृत्त्या होत्या. १९६४ मध्ये योजना देशभर लागू झाली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली. या योजनेची निवडपद्धती मला विशेष महत्त्वाची वाटते. विज्ञानाच्या कलचाचणीबरोबर विद्यार्थ्याला एक निबंध लिहावा लागे, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल सादर करावा लागे आणि त्यानंतर मुलाखत होई. म्हणजे देशातील सर्वांत हुशार अकरावीच्या मुलांची निवड करताना 'तू स्वतःच्या हाताने काय करून पाहिलेस?' हा प्रश्न सरकार अधिकृतपणे विचारत होते. हुशारीची आणि हातकामाची फाईल एका टेबलावर आल्याचे हे बहुधा पहिले उदाहरण.

१९७६ मध्ये १०+२+३ या नव्या आकृतिबंधाच्या अनुषंगाने ही योजना बदलली. तिची व्याप्ती मूलभूत विज्ञानापुरती न राहता सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी व वैद्यक यांपर्यंत वाढली, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या, आणि राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षा हे नाव तिला मिळाले. हे सर्व चांगलेच झाले. त्याच बदलात निवडपद्धतीही बदलली. त्यापुढे दोन वस्तुनिष्ठ चाचण्या आणि मुलाखत एवढेच उरले. प्रकल्पाचा अहवाल गेला.

हा निर्णय मी प्रशासनाच्या नजरेने पाहतो तेव्हा तो मला समजतो. विद्यार्थ्यांची संख्या वाढली की प्रकल्प तपासणे अवघड होते. प्रकल्प मुलाने केला की त्याच्या काकांनी, हे ठरवायला माणूस लागतो आणि माणसाच्या निर्णयावर तक्रार होऊ शकते. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या उत्तरपत्रिकेवर तक्रार होत नाही. प्रशासनाला निर्विवाद गोष्टी आवडतात. पण या निर्विवादपणाची किंमत पुढच्या पिढ्यांनी दिली. जे तपासले जात नाही ते शिकवले जात नाही, हा शाळेचा अलिखित नियम आहे. प्रकल्प गेला तसा हुशार मुलाच्या दिवसातून हातांचा तासही गेला. पुढे २००० साली एक हजार आणि नंतर दोन हजार शिष्यवृत्त्यांपर्यंत ही योजना वाढली आणि २०२१ च्या परीक्षेनंतर ती थांबवण्यात आली. त्या साऱ्या काळात प्रकल्प-अहवाल तिच्यात परत आला नाही.

मधल्या काळात कोठारी आयोग होऊन गेला. जुलै १९६४ मध्ये नेमलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूरकडच्या या शिक्षणतज्ज्ञाचे नाव मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. जून १९६६ च्या अहवालात 'कार्यानुभव' हा शब्द आला. शाळेत, घरी, कार्यशाळेत, शेतात किंवा कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादक कामात भाग घेणे, असा त्याचा अर्थ होता आणि तो सर्व मुलांसाठी होता. याशिवाय उच्च माध्यमिक स्तरावरील निम्मे विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यवसाय-शिक्षणाकडे वळावेत, असेही आयोगाने सुचवले होते. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने कार्यानुभवाला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे नवे रूप दिले. इंग्रजीत त्याची आद्याक्षरे एसयूपीडब्ल्यू. शाळकरी मुलांनी या अक्षरांचा 'सम यूसफुल पीरियड्स वेस्टेड', म्हणजे काही उपयोगी तास वाया, असा अर्थ लावला. मुलांचे हे विनोद कोणत्याही मूल्यमापन अहवालापेक्षा अचूक असतात. खडू, मेणबत्त्या, शुभेच्छापत्रे तयार होत; ती शिक्षक पाहत, श्रेणी देत, आणि कपाटात ठेवत. येथेही गिऱ्हाईक नव्हतेच.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय-शिक्षणाकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९९२ च्या कृती-कार्यक्रमात तेच आकडे १९९५ आणि २००० या वर्षांवर ढकलले गेले. त्याच धोरणाने ग्रामीण भागातील गुणवान मुलांसाठी नवोदय विद्यालये दिली. त्यांतील पहिली दोन १९८५-८६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती येथे निघाली. ग्रामीण भारताला मिळालेल्या उत्तम देणग्यांमध्ये मी नवोदय विद्यालयांची गणना करतो. तरीही एकाच धोरणाच्या एका प्रकरणात गुणवंत मुले आणि दुसऱ्या प्रकरणात काम शिकणारी मुले, ही जुनी विभागणी तशीच राहिली. २०२० च्या धोरणातही विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांविषयीचे परिच्छेद एका ठिकाणी आहेत आणि व्यवसाय-शिक्षणाचे प्रकरण दुसऱ्या ठिकाणी.

येथे कोणी म्हणेल की, उद्योजकता ही शिकवण्याची गोष्टच नाही. ती रक्तात असावी लागते. हा समज आपल्याच देशात, तोही फार पूर्वी, तपासून झाला आहे. १९६४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यावसायिकांवर एक प्रयोग केला. त्यांना हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत अल्पकाळाचे प्रशिक्षण दिले गेले. प्रशिक्षण घेतलेले लोक, न घेतलेल्यांच्या तुलनेत, नंतरच्या काळात व्यवसायात अधिक क्रियाशील झाल्याचे आढळले. या विचाराचा आधार घेऊन गुजरातेत १९७० पासून उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले आणि १९८३ मध्ये अहमदाबादला त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. उद्योजकता शिकवता येते, हे प्रशासनाने मान्य केले. पण केवळ प्रौढांपुरते. शाळेच्या फाटकाबाहेर जे मान्य झाले ते फाटकाच्या आत शिरायला आणखी अर्धे शतक लागले.

सरकारबाहेर मात्र महाराष्ट्रात दोन महत्त्वाचे प्रयत्न झाले. पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुलांचे शिक्षण हाच तिचा मूळ हेतू होता आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. बुद्धिमान मुलाने केवळ गुणवत्ता यादीत न थांबता समाजाच्या प्रश्नांना हात घालावा, यासाठी प्रकल्प आणि प्रत्यक्ष अनुभव यांना तिथे मानाचे स्थान मिळाले. दुसरा प्रयत्न पाबळचा. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. त्यांचा प्रवास उलट्या दिशेने होता. शाळेने 'नापास' ठरवलेल्या मुलांपासून त्यांनी आरंभ केला, आणि हाताने काम करताना बुद्धी कशी जागी होते हे दाखवले. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाला राज्य मंडळाची मान्यता मिळाली. त्यातील महत्त्वाची बाब अशी की, विद्यार्थी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन, पाणी-माती परीक्षण अशी कामे गावातील लोकांना मोबदला घेऊन करून देत. म्हणजे समोर शिक्षक नव्हे तर गिऱ्हाईक उभे राही. जोड निघाला तर ते पुन्हा दारात येई. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब ही संगणकनियंत्रित यंत्रांची कार्यशाळा पाबळला आली, ती त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या कार्यशाळांपैकी होती. हे यंत्र एखाद्या महानगरातील नामांकित शाळेत न येता पाबळला आले, कारण त्याचा उपयोग करणारे हात तिथे आधीच तयार होते.

असो. आता अलीकडच्या काळाकडे वळू. २००८ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 'इन्स्पायर' योजना सुरू केली. तिच्यातील शालेय मुलांच्या भागात निवडलेल्या विद्यार्थ्याला आपली कल्पना प्रत्यक्षात उतरवण्यासाठी प्रारंभी ५,००० आणि पुढे १०,००० रुपये मिळू लागले. १९७६ मध्ये गेलेला प्रकल्प वेगळ्या वाटेने परत आला म्हणायचा. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून 'अटल टिंकरिंग' प्रयोगशाळा निघू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, त्रिमितीय छपाईयंत्रे, संवेदक, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग, असे तिचे स्वरूप. अशा सुमारे १० हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. गरज ओळखणे, साधने मिळणे आणि वस्तू तयार होणे, या तीन पायऱ्या येथे बांधल्या गेल्या. चौथी आणि पाचवी बहुतांश ठिकाणी अजून नाही. यंत्रमानव तयार होतो, प्रदर्शनात बक्षीस मिळवतो, आणि पुढच्या वर्षी त्याचे भाग सुटे करून दुसरा यंत्रमानव होतो.

चौथ्या पायरीवर ठामपणे पाऊल टाकले ते दिल्लीच्या सरकारी शाळांनी. २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकता-मानसिकता अभ्यासक्रम आला. पूर्व दिल्लीतील खिचडीपूरच्या शाळेत छोटा प्रयोग झाल्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' ही योजना सर्व सरकारी शाळांत गेली. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना गट करून व्यवसायाची कल्पना मांडायची आणि प्रत्येकी २,००० रुपये बीजभांडवल मिळवायचे. सुमारे ३ लाख विद्यार्थी आणि ६० कोटी रुपयांची तरतूद, एवढे तिचे प्रमाण होते. हे पैसे कर्ज म्हणून दिलेले नव्हते. सरकारी शाळेतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती सरकारने भांडवल ठेवले आणि 'बाजारात जा' म्हणून सांगितले, हे मला वर्ध्यानंतरचे सर्वांत धाडसी पाऊल वाटते. निवडक गटांचा दूरचित्रवाणीवर कार्यक्रमही झाला. तिथेच तिची मर्यादाही दिसते. पडद्यावर यशस्वी गट दिसतात. ज्यांचे भांडवल बुडाले, त्या मुलांचे शिक्षण दिसत नाही. २०२५ मध्ये राजधानीत सत्तांतर झाले आणि नव्या नावाने नवी योजना आली. राज्यकर्ते बदलले की योजनेचे नाव बदलते, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न पाचव्या पायरीचा, म्हणजे तोट्याचा आहे. तो नीट समजण्यासाठी नियमांच्या पुस्तकात डोकवावे लागेल. तीन नियम पाहा.

पहिला कायद्याचा. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाला, म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्तीला, करार करता येत नाही. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ३० सांगते की, सर्व भागीदारांच्या संमतीने अज्ञानाला भागीदारीच्या लाभात सामील करून घेता येते, पण तोट्यासाठी तो व्यक्तिशः जबाबदार नसतो. कायद्याची ही भूमिका योग्यच आहे. मुलांचे रक्षण झालेच पाहिजे. पण त्याचा अर्थ असा की, मुलाच्या प्रयत्नात तोटा आला तर तो सोसणारा कोणी मोठा मागे उभा असला पाहिजे. सरकारी शाळेत हा मोठा कोण?

दुसरा कोषागाराचा. शासकीय जमा रक्कम विनाविलंब कोषागारात भरावी आणि ती परस्पर खात्याच्या खर्चासाठी वापरू नये, हा आपल्या वित्तव्यवस्थेचा पाया आहे. अनुदानातून आणलेल्या साहित्यापासून मुलांनी वस्तू केली आणि विकली, तर आलेला पैसा कोणाचा?

तिसरा हानीचा. शासकीय मालमत्तेची हानी झाली की ती कळवायची, चौकशी करायची आणि जबाबदारी निश्चित करायची, असे वित्तीय नियम सांगतात. प्रयोग फसला तर त्याचे साहित्य 'हानी' ठरते काय?

हे प्रश्न काल्पनिक नाहीत. पूर्वेकडील एका राज्यात, मी जिल्ह्यात नेमणुकीवर असताना, गुणवंत मुलींच्या एका निवासी शाळेत नववीच्या मुलींनी पपईच्या रोपांची वाटिका केली होती. बी आणि पिशव्या शाळेच्या अनुदानातून आल्या. मुलींनी आठवडी बाजारात रोपे विकली. काही रोपे उन्हाने मेली. लेखापरीक्षणात दोन आक्षेप निघाले : विक्रीची रक्कम चलनाने कोषागारात का भरली नाही, आणि मेलेल्या रोपांच्या हानीस जबाबदार कोण? मुख्याध्यापिकांनी घाबरून वाटिका बंद केली. लेखापरीक्षकांना मी दोष देत नाही, नियमानुसार ते बरोबरच होते. शाळेत गेलो तेव्हा त्या गटातील एका मुलीने मला विचारले, "सर, पैसे भरून टाकले तर पुढचे बी आम्ही कशातून आणायचे?" एका वाक्यात तिने फिरत्या भांडवलाचा सिद्धान्त मांडला होता. अर्थशास्त्राचे पुस्तक तिच्या हाती यायला अजून दोन वर्षे होती.

मार्ग निघाला, आणि तो अवघड नव्हता. शाळा व्यवस्थापन समितीच्या नावे लोकवर्गणीतून एक छोटा निधी उभा केला. बी आणि पिशव्या त्या निधीतून घेतल्या आणि विक्री त्याच निधीत जमा झाली. शासकीय पैसा नाही म्हणून शासकीय जमाही नाही आणि शासकीय हानीही नाही. समितीच्या ठरावात एक ओळ मुद्दाम घातली : एका हंगामात भांडवलाच्या निम्म्यापर्यंतचा तोटा हा शिक्षणाचा खर्च समजला जाईल. दुसऱ्या हंगामात मुलींनी रोपांवर ताडपत्रीची सावली केली आणि मेलेल्या रोपांची वेगळी नोंदवही ठेवली. कोणत्या वाफ्यात, कोणत्या आठवड्यात आणि का, अशा तीन रकान्यांची ती वही मला तिच्यातल्या विक्रीच्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटली.

हुशार मुलांच्या बाबतीत हा तोट्याचा धडा विशेष गरजेचा आहे. ज्याला पहिलीपासून पैकीच्या पैकी गुण मिळत आले, त्याला चूक ही लाजेची गोष्ट वाटू लागते. तो अशीच गणिते निवडतो, जी त्याला येतात. अशी मुले पुढे उत्तम अधिकारी, उत्तम अभियंते होतात. मी ज्या सेवेत आहे तिच्यात तर तीच भरलेली आहेत. पण ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेले नाही असे काम अंगावर घेण्याची सवय त्यांना नसते. ही सवय सोळाव्या वर्षी दोन हजार रुपयांत लागू शकते. चाळिसाव्या वर्षी तिची किंमत फार मोठी होते, आणि सार्वजनिक कामात ती किंमत बहुधा दुसरेच कोणी चुकवतात.

या इतिहासावरून मला चार सूचना कराव्याशा वाटतात.

एक, गुणवंतांच्या कोणत्याही निवडीत स्वतः केलेल्या कामाचा अहवाल पुन्हा आणावा. १९६४ मध्ये जे टपालाने शक्य होते ते आज अशक्य नाही. शेवटच्या टप्प्यातील थोड्या विद्यार्थ्यांपुरता तो ठेवला तरी त्याचा परिणाम सर्व शाळांवर होईल.

दोन, प्रत्येक माध्यमिक शाळेत व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत फिरता उद्योग-निधी असावा आणि त्यासाठी वित्त विभागाने स्पष्ट आदेश काढावेत. विक्रीची रक्कम त्याच निधीत राहील आणि ठरलेल्या मर्यादेतील तोटा ही हानी समजली जाणार नाही, ही दोन वाक्ये त्यात असली तरी पुरे. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना दिली आहे. म्हणजे बँकव्यवस्था आपल्या नियमांच्या पुढे गेली आहे.

तीन, गावातील कारागीर आणि दुकानदार यांना मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. के. टी. शहांनी १९३७ मध्ये काढलेल्या शंकेचे हेच उत्तर आहे. मुले कारागिराची स्पर्धक न होता शिकाऊ झाली, तर दोघांचाही लाभ होतो.

चार, मूल्यमापन नफ्यावर नको, हिशेबाच्या वहीवर हवे. तोटा झाला आणि त्याचे कारण मुलाला नेमके सांगता आले, तर त्याला पूर्ण गुण मिळावेत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांना शेवटी एक विनंती आहे. आपल्यातील बहुतेक जण शिक्षणाच्या आणि नोकरीच्या बळावर परप्रांतात किंवा परदेशात गेले. मराठी मध्यमवर्गाने मुलांच्या हुशारीवर जेवढा विश्वास ठेवला, तेवढा त्यांच्या हातांवर आणि व्यवहारावर ठेवला नाही, हे आपण घरातल्या घरात तरी मान्य करायला हरकत नाही. आपल्या गावी महाराष्ट्र मंडळ असेल तर गणेशोत्सवातील एक दुकान नववी-दहावीच्या मुलांकडे पूर्णपणे सोपवून पाहावे. भांडवल मंडळाने द्यावे, माल मुलांनी ठरवावा, भाव मुलांनी ठरवावा, आणि मोठ्यांनी केवळ गिऱ्हाईक म्हणून जावे. उरलेला माल आपुलकीपोटी कोणी विकत घेऊ नये. उत्सव संपल्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत मुलांनी हिशेब मांडावा आणि पुढच्या वर्षीचे भांडवल मागावे. असा प्रयोग कोणी केला असेल किंवा करणार असेल, तर त्याचा वृत्तांत मला जरूर कळवावा. विशेषतः ज्यात तोटा झाला असेल, त्याचा.